उपासमारीविना वजन नियंत्रण : शास्त्रीय आधार आणि रोजचे उपाय

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला :

- वजन, चरबी आणि पोटाचा घेर यांतील फरक सांगता येईल.
- कडक आहारनियमांनी घटलेले वजन पुन्हा का वाढते, याची शारीरिक व मानसिक कारणे स्पष्ट करता येतील.
- भारतीय ताटात करता येण्याजोगे, टिकाऊ बदल सुचवता येतील.
- हालचाल, झोप आणि घरातील सवयी यांचा वजनाशी असलेला संबंध समजावून देता येईल.
- कोणत्या परिस्थितीत डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे, हे ओळखता येईल.

१. प्रस्तावना

वजन कमी करायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येते ती 'बंद' करायच्या पदार्थांची यादी. भात बंद, साखर बंद, बटाटा बंद, रात्रीचे जेवण बंद. पहिले दोन आठवडे उत्साहात जातात, काटाही खाली सरकतो. मग घरात एखादे लग्न येते, सण येतो किंवा नुसता थकवा येतो आणि सगळे नियम मोडतात. सहा महिन्यांनी वजन पूर्वीइतके, कधी त्याहून थोडे जास्तच झालेले असते. माणूस मात्र दोष स्वतःला देतो : 'माझाच मनावर ताबा नाही.'

हा दोष बहुतेक वेळा त्या माणसाचा नसतो. उपासमारीला शरीर कसा प्रतिसाद देते हे समजून न घेता पद्धत निवडली जाते, चूक तिथे असते.

भारतात या विषयाला आणखी एक बाजू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनाच्या किंवा स्थूलतेच्या गटात आढळले. त्याच सर्वेक्षणात सुमारे १९ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या होत्या आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. स्थूलता आणि कुपोषण एकाच देशात, एकाच घरात, कित्येकदा एकाच शरीरात नांदतात. वजन जास्त आहे म्हणजे पोषण पुरेसे आहे, असे इथे धरून चालत नाही. म्हणून 'कमी खा' एवढा सल्ला आपल्याकडे अपुराच नव्हे, तर काही जणींसाठी घातकही ठरतो.

२. नेमके काय मोजायचे?

२.१ बीएमआय आणि त्याची मर्यादा

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स म्हणजे बीएमआय मिळतो. उदाहरणार्थ, ६८ किलो वजन आणि १५५ सेंटिमीटर उंची असेल तर ६८ ÷ (१.५५ × १.५५) = सुमारे २८.३.

जागतिक पातळीवर २५ पासून अतिवजन आणि ३० पासून स्थूलता मानतात. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी या सीमा खाली आणल्या आहेत : २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता. कारण त्याच बीएमआयला युरोपीय वंशाच्या व्यक्तींपेक्षा भारतीयांच्या शरीरात चरबीचे प्रमाण सहसा जास्त आणि स्नायूंचे कमी असते.

याचे एक सुंदर उदाहरण वैद्यकीय वाङ्मयात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे आणि मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ पण आतून चरबी असलेल्या भारतीय शरीराची ही ठेवण त्यामुळे जगाच्या नजरेस आली.

२.२ कंबरेचा घेर

चरबी कुठे साठली आहे, याला फार महत्त्व आहे. मांड्या व नितंबांवरील चरबीपेक्षा पोटाच्या आतील अवयवांभोवती साठलेली चरबी मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी अधिक निगडित असते. ती ओळखण्याचे घरगुती साधन म्हणजे शिंप्याची टेप. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध घेर मोजावा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची पातळी मानली जाते.

वजनकाटा पाणी, स्नायू, हाडे आणि चरबी असा भेद करत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा वजन, महिन्यातून एकदा कंबर, आणि जोडीला रक्तदाब व रक्तातील साखर, असे एकत्र पाहणे योग्य.

३. कडक आहारनियम का फसतात?

३.१ शरीर काटकसर करू लागते

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांवर उपासमारीचा अभ्यास केला. युद्धग्रस्त युरोपातील उपाशी लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे, हे त्यांना शोधायचे होते. चोवीस आठवडे या तरुणांना दिवसाला सरासरी सुमारे १,५७० किलोकॅलरी दिल्या गेल्या, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या आहाराच्या साधारण निम्म्या. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाव्ययही लक्षणीय खाली आला. थंडी वाजणे, थकवा, चिडचिड, उदासपणा ही लक्षणे दिसू लागली. त्यांच्या मनात सतत अन्नाचेच विचार घोळू लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. बंधने उठल्यावर कित्येकांना पोट भरल्याची जाणीवच होईना आणि चरबी पूर्वीपेक्षा अधिक वाढली.

१,५७० हा आकडा लक्षात ठेवावा. आज हातोहात फिरणारे 'डाएट चार्ट' अनेकदा १,२०० किंवा त्याहूनही कमी किलोकॅलरींचे असतात. ते तरुण पुरुष होते आणि त्यांना चालण्याचा व्यायामही सक्तीचा होता, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. तरीही दीर्घकाळ अर्धपोटी राहिल्यावर मन आणि शरीर कसे वागते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

३.२ भुकेची संप्रेरके

चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन मेंदूला 'साठा पुरेसा आहे' असा संदेश देते. जठरातून स्रवणारे घ्रेलिन भूक जागवते. वजन झपाट्याने उतरले की लेप्टिन घटते आणि घ्रेलिन वाढते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात ५० अतिवजनाच्या व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प ऊर्जेचा आहार दिला होता. वर्षभरानंतर तपासले तेव्हाही संप्रेरकांचे हे बदल पूर्ववत झालेले नव्हते आणि भूक वाढलेलीच होती. म्हणजे डाएट संपले तरी शरीर ते विसरलेले नव्हते.

३.३ स्नायूंची झीज

वजन घटते तेव्हा फक्त चरबी जात नाही. ढोबळमानाने घटलेल्या वजनाचा एक चतुर्थांश भाग चरबीखेरीज इतर ऊतींचा, त्यांत स्नायूंचा, असू शकतो. प्रथिने कमी आणि व्यायाम नाही, असे असेल तर हे प्रमाण वाढते. वजन परत येते तेव्हा मात्र ते बहुतांशी चरबीच्या रूपाने येते. अशी चढउतार वारंवार झाली की काट्यावरचा आकडा तोच राहूनही शरीर आधीपेक्षा दुबळे झालेले असते.

३.४ बंदी आणि हव्यास

'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही. दिवसभर उपास आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, शेंगदाण्याचा लाडू, असा उपास ऊर्जेच्या हिशेबात रोजच्या जेवणाला मागे टाकतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिने आणि चोथा नगण्य. पण म्हणीतले मर्म याहून खोल आहे. ज्या पदार्थावर बंदी घालतो, त्याची ओढ वाढते. मग 'आज मोडलेच आहे, तर आज खाऊन घेऊ, सोमवारपासून पुन्हा सुरू' हे चक्र चालू होते. किशोरवयीन मुलामुलींत हे चक्र खाण्याच्या मानसिक विकारांपर्यंत जाऊ शकते, म्हणून त्यांच्यासमोर वजनावरून चेष्टा किंवा तुलना कटाक्षाने टाळावी.

४. ऊर्जेचा हिशेब : खरा पण सरळ नसलेला

वजन ऊर्जेच्या संतुलनावर अवलंबून असते, हे खरेच आहे. कर्बोदके व प्रथिने यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४, तर स्निग्ध पदार्थांपासून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात. ऊर्जेचा खर्च तीन वाटांनी होतो :

- श्वसन, रक्ताभिसरण, पेशींची दुरुस्ती यांसाठी, म्हणजे विश्रांतीतील चयापचयासाठी : बैठे काम करणाऱ्यांत साधारण ६० ते ७० टक्के.
- अन्न पचवण्यासाठी : सुमारे १० टक्के.
- हालचालीसाठी : उरलेला भाग. यात व्यायामाबरोबरच जिने चढणे, झाडलोट, बाजारहाट हेही येते.

एक किलो चरबीयुक्त ऊतीमध्ये सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. त्यावरून 'रोज २५० कमी केल्या की महिन्याला एक किलो' असे गणित मांडले जाते. सुरुवातीला ते जवळपास जुळते, पण वजन उतरते तसा खर्चही कमी होतो आणि वेग मंदावतो. केव्हिन हॉल व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपानुसार रोजच्या आहारात सुमारे २४ किलोकॅलरींची कायमस्वरूपी घट केली की दीर्घकाळात साधारण एक किलो वजन उतरते. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात आणि बाकीचे पुढील दोन वर्षांत.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, वजन एका पातळीवर थबकणे हे अपयश नव्हे. तो शरीराचा अपेक्षित प्रतिसाद आहे. दोन, बदल कायमचा असेल तरच परिणाम कायमचा. म्हणून जो बदल पाच वर्षे सहज पाळता येईल, तोच निवडावा.

५. ताटातले बदल

५.१ ताटाची मांडणी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात २,००० किलोकॅलरींच्या नमुना आहारासाठी दिवसभराची कच्च्या पदार्थांची प्रमाणे दिली आहेत : भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, धान्ये व भरडधान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, सुकामेवा व तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर.

वजनाने पाहिले तर भाज्या आणि फळे मिळून ५०० ग्रॅम होतात. आपल्या बहुतेक घरांत याच्या उलट चित्र असते : भात-पोळीचा डोंगर आणि त्याला तोंडी लावण्यापुरती भाजी. म्हणून पहिला बदल कोणता पदार्थ काढायचा हा नसून काय वाढवायचे हा आहे. अर्धे ताट भाजी, कोशिंबीर, पालेभाजी यांनी भरावे. पाव ताट डाळ, उसळ, अंडी किंवा मासे. उरलेल्या पाव ताटात भात, पोळी, भाकरी किंवा इडली. भाजीत पाणी आणि चोथा जास्त, ऊर्जा कमी. त्यामुळे पोट भरते आणि भाताचा दुसरा वाढा आपोआप लहान होतो. भात सोडावा लागत नाही.

हे तत्त्व प्रांताप्रांतात वेगळ्या पदार्थांतून पाळता येते. इडली खाणाऱ्याने सांबारात शेवगा, भोपळा, गाजर वाढवावे. भात-मासे खाणाऱ्याने मासा तळण्याऐवजी कालवणात घ्यावा. ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्याने ती मुळीच सोडू नये. सोबत मटकीची उसळ, मेथी आणि ताक घ्यावे.

५.२ प्रथिनांकडे लक्ष

प्रथिनांमुळे पोट भरल्याची भावना अधिक काळ टिकते आणि वजन उतरताना स्नायू राखले जातात. निरोगी प्रौढासाठी शिफारस शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम आहे. स्वयंपाकघरातील अंदाज असा : एक वाटी घट्ट वरण (३० ग्रॅम कोरडी डाळ) ६ ते ७ ग्रॅम, एक अंडे सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर (२०० मिलिलिटर) दूध सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या सुमारे १० ग्रॅम. पातळ वरणात डाळ कमी आणि पाणी जास्त असते. म्हणून वाटी मोजताना वरणाचा दाटपणाही पाहावा.

सकाळी नुसता चहा-बिस्किटांवर भागवणाऱ्यांना दुपारी आणि संध्याकाळी जास्त भूक लागते, असा अनेकांचा अनुभव आहे. न्याहारीत मोड आलेले मूग, धिरडे, अंडे किंवा दही यांपैकी काही असेल तर फरक जाणवतो.

५.३ तेलाचा मासिक हिशेब

प्रत्येक भाजीत किती चमचे तेल पडले, हे मोजणे कंटाळवाणे असते. त्यापेक्षा महिन्याला घरात किती तेल येते ते पाहावे. समजा चार माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल संपते. म्हणजे दर माणशी रोज सुमारे ३३ मिलिलिटर, वजनाने ३० ग्रॅम. तूप, लोणी आणि बाहेरचे खाणे यात धरलेलेच नाही. तेच तेल ३ लिटरवर आणले तर दर माणशी रोज साडेसात ग्रॅम तेल आणि सुमारे ७० किलोकॅलरी वाचतात. कोणाच्याही ताटातला एकही पदार्थ कमी होत नाही. ही बचत घरातल्या सर्वांची होते, हा आणखी फायदा.

५.४ साखर आणि पाकीटबंद पदार्थ

चहाचा चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम साखर, २० किलोकॅलरी. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे रोज ४० ग्रॅम साखर आणि १६० किलोकॅलरी. जीभ हळूहळू सरावते, म्हणून दर पंधरा दिवसांनी पाव-पाव चमचा कमी करावा. फळांचा रस न घेता आख्खे फळ खावे. रस काढताना चोथा जातो आणि तीन संत्री एका पेल्यात सहज उतरतात.

अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांविषयी अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनीच केलेला २०१९ चा प्रयोग महत्त्वाचा आहे. वीस प्रौढांना दोन आठवडे असे पदार्थ आणि दोन आठवडे कमी प्रक्रियेचे अन्न दिले. दोन्ही प्रकारच्या जेवणांत ऊर्जा, साखर, स्निग्ध पदार्थ आणि चोथा सारखाच ठेवला होता. खायचे किती, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात लोकांनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. दुसऱ्या काळात तेवढेच घटले. माणसे तीच, इच्छाशक्तीही तीच; समोरचे अन्न तेवढे बदलले होते. म्हणून घरात काय आणून ठेवायचे, हा निर्णय दुकानात घेणे सोपे आणि रात्री दहाला डब्यासमोर घेणे अवघड.

५.५ भुकेची ओळख

'दोन घास कमी जेवावे' असे जुनी माणसे सांगत. पोट भरल्याचे संकेत मेंदूपर्यंत पूर्णपणे पोहोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात, असे मानले जाते. टीव्ही किंवा मोबाइल बाजूला ठेवून, सावकाश चावून जेवले तर तो संकेत ऐकू येतो. खाण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : भूक लागली आहे, की कंटाळा, थकवा, राग आला आहे? हा प्रश्न स्वतःला रागावण्यासाठी नाही. थकवा असेल तर अन्न नव्हे, विश्रांती हवी, एवढे कळण्यासाठी तो आहे.

६. हालचाल

केवळ व्यायामाने वजन उतरवणे कठीण आहे. ६५ किलोची व्यक्ती अर्धा तास नेहमीच्या वेगाने चालली तर सुमारे ११० ते १२० किलोकॅलरी खर्च होतात. मध्यम आकाराच्या एका वडापावात याच्या दुपटीहून अधिक असतात. तरीही हालचालीला पर्याय नाही. ती स्नायू राखते, इन्सुलिनचे काम सुधारते, झोप व मनःस्थिती सुधारते आणि उतरलेले वजन टिकवायला मदत करते.

जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेच्या हालचालीची आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाची आहे. मध्यम तीव्रता म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. स्नायूंसाठी व्यायामशाळाच लागते असे नाही : खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे यांपासून सुरुवात करता येते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने रक्तातील साखरेची उसळी कमी होते.

७. झोप

अपुऱ्या झोपेने भूक वाढते. शिकागो विद्यापीठातील २०२२ च्या अभ्यासात साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ८० अतिवजनाच्या प्रौढांपैकी निम्म्यांना झोपेच्या सवयी सुधारण्याचे मार्गदर्शन दिले. दोन आठवड्यांत त्यांची झोप सुमारे सव्वा तासाने वाढली आणि आहार, कोणतीही सूचना न देता, तुलना-गटापेक्षा दिवसाला सुमारे २७० किलोकॅलरींनी कमी झाला. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा पेंगणे ही लक्षणे असतील तर मात्र तपासणी करून घ्यावी.

८. घर बदलते तेव्हा

आपल्याकडे जेवण एकट्याचे नसते. जिला वजन कमी करायचे आहे, तीच कित्येकदा सर्वांचा स्वयंपाक करते, सर्वांत शेवटी जेवते आणि 'टाकवत नाही' म्हणून उरलेला भात, मुलांनी अर्धी टाकलेली पोळी संपवते. तिच्या ताटात भाजी तळाशी उरलेली असते आणि भात भरपूर. अशा स्त्रीला आहाराचा छापील तक्ता देऊन भागत नाही. तिच्यासाठी उपयोगी बदल असे : सर्वांनी एकत्र बसणे, भाजी आणि उसळ सर्वांना वाढून झाल्यावर नव्हे तर आधीच तिच्या वाट्याची बाजूला काढणे, थोडा कमी भात लावणे, उरलेले फ्रिजमध्ये ठेवून सकाळी फोडणीला टाकणे, आणि तिला चालायला जाता यावे म्हणून घरातल्या कोणीतरी संध्याकाळचे अर्धा तास काम हाती घेणे. वजनाचा प्रश्न तिच्या इच्छाशक्तीचा जितका, त्याहून अधिक तिच्या वेळेचा आणि वाट्याचा असतो.

९. एक काल्पनिक उदाहरण

३८ वर्षांची एक गृहिणी, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. यापूर्वी दोनदा कडक डाएट करून वजन परत आलेले. आता तिने खालील बदल केले :

- चार कप चहाचे दोन कप, दोन चमचे साखरेऐवजी एक : सुमारे १२० किलोकॅलरी कमी.
- घरातील तेल महिन्याला ४ लिटरवरून ३ लिटरवर : सुमारे ७० किलोकॅलरी कमी.
- संध्याकाळच्या फरसाणाऐवजी मूठभर फुटाणे आणि एक पेरू : अंदाजे ६० ते ८० किलोकॅलरी कमी.
- न्याहारीला मुगाचे धिरडे, दुपारी बाराच्या सुमारास सर्वांबरोबर जेवण, रोज अर्धा तास चालणे.

पहिल्या तीन बदलांतून रोज सुमारे २५० किलोकॅलरींची घट होते. चौथ्या भागात दिलेल्या प्रारूपानुसार २५० ÷ २४ = सुमारे १० किलो दीर्घकाळात, आणि पहिल्या वर्षात त्याच्या निम्मे, म्हणजे ५ किलोच्या आसपास. प्रत्यक्षात सणवार, आजारपण येते, म्हणून आपण साडेतीन किलोच धरू. तेही तिच्या वजनाच्या पाच टक्के आहेत. शरीराच्या वजनात पाच ते दहा टक्के घट झाली तरी रक्तदाब, साखर आणि रक्तातील मेद यांत सुधारणा दिसते. त्यासाठी ती एक दिवसही उपाशी राहिलेली नाही.

१०. काटा न हलताही होणारा फायदा

अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात (२००२) ३,२३४ जणांचा अभ्यास झाला. वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात (२००६) ५३१ जण होते. जीवनशैली बदललेल्या गटात मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात विशेष घट न होता. म्हणजे चालणे, भाजी, कमी साखर यांचा लाभ काट्यावर दिसण्याची वाट पाहत नाही. वजन उतरले नाही म्हणून चांगली सवय सोडणे, हे या विषयातले सर्वांत मोठे नुकसान.

११. डॉक्टरांचा सल्ला केव्हा?

- इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण टाळू नये. साखर एकदम उतरू शकते. आहार बदलण्यापूर्वी औषधाची मात्रा तपासून घ्यावी.
- गरोदरपण व स्तनपानाच्या काळात वजन घटवण्याचा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये.
- थकवा, धाप, फिकटपणा असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासावे.
- प्रयत्न न करता वजन घटत असेल किंवा अचानक वाढत असेल, पाळी अनियमित असेल, तर थायरॉइड व अन्य तपासण्या कराव्यात.
- खाऊन मुद्दाम उलटी करणे, लपून अतिखाणे, वजनाच्या भीतीने जेवण टाळणे ही लक्षणे दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी.
- आठवड्यात अर्ध्या किलोच्या आसपास घट पुरेशी आहे. 'महिन्यात दहा किलो'ची हमी देणारी चूर्णे, चहा व पट्टे यांपासून दूर राहावे.

सारांश

कडक आहारनियमांनी शरीर काटकसर करू लागते, भूक वाढते, स्नायू झिजतात आणि वजन परत येते. रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या समाजात अर्धपोटी राहण्याचा सल्ला धोक्याचा आहे. ताटात भाजी आणि प्रथिने वाढवणे, तेल व साखर घराच्या पातळीवर घटवणे, पाकीटबंद खाणे कमी आणणे, रोज चालणे, स्नायूंचा व्यायाम आणि पुरेशी झोप हे बदल सावकाश परिणाम देतात, पण टिकतात. यश मोजताना वजनाबरोबर कंबर, रक्तदाब, साखर आणि अंगातली ताकद यांकडे पाहावे.

स्वाध्याय

१. बीएमआय सारखाच असलेल्या दोन व्यक्तींच्या आरोग्याचा धोका वेगळा का असू शकतो? याज्ञिक-युडकिन उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.

२. मिनेसोटा अभ्यासातील निष्कर्षांवरून 'इच्छाशक्ती कमी पडली' या समजुतीचे परीक्षण करा.

३. तुमच्या घरात महिन्याला किती तेल व साखर लागते ते लिहा. दर माणशी रोजचे प्रमाण काढा आणि ते शिफारशीशी ताडून पाहा.

४. तुमच्या प्रांतातील एका नेहमीच्या जेवणाचे ताट अर्धे-पाव-पाव या तत्त्वानुसार मांडून दाखवा. त्यातला एकही पदार्थ पूर्णपणे काढू नका.

५. तुमच्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते आणि तिच्या किंवा त्याच्या ताटात काय असते, याची आठवडाभर नोंद ठेवा आणि निष्कर्ष लिहा.